आठ किलोमीटरांचा जमाखर्च

सांगली-मिरजेकडच्या आम्हा बायकांची मुंबईला जाण्याची कारणे ठरलेली असतात. लग्न, बारसे, मोठा दवाखाना, नाहीतर मुलाच्या नोकरीची मुलाखत. म्हणून 2025 च्या मे महिन्यात शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली देताना मी म्हटले, "गोरेगावला चाललेय, भावजयीची शर्यत आहे," तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवून विचारले, "कसली शर्यत गं? बैलांची?" त्यांचे काही चुकले नाही. आमच्याकडे शर्यत म्हटली की बैलगाडाच डोळ्यांपुढे येतो.

ही शर्यत बैलांची नव्हती. पण ओढणे, ढकलणे आणि धावणे यांतले काहीही तिच्यात कमी नव्हते. हायरॉक्स असे तिचे नाव. जर्मनीतल्या हँबुर्ग शहरात ख्रिश्चन टोट्झके आणि मॉरित्झ फुर्स्टे या दोघांनी 2017 मध्ये ती काढली आणि 2018 मध्ये तिथेच पहिल्यांदा भरवली. यातला फुर्स्टे हा जर्मनीचा नावाजलेला हॉकीपटू. 2008 ला बीजिंग आणि 2012 ला लंडन अशा दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात तो होता. आपल्या हॉकी लीगमध्ये रांचीच्या संघाकडूनही खेळून गेला आहे. भारतात ही शर्यत पहिल्यांदा झाली ती 3 मे 2025 रोजी, मुंबईला गोरेगावच्या नेस्को केंद्रात. आणि त्या पहिल्याच खेपेला आमच्या माहेरची सून तिच्यात उतरली होती.

सून म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. वय 34, पदरी दोन मुले. दोन वर्षांपूर्वी तिची पाठ सारखी धरायची. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर व्यायाम सांगितला. गोळ्या संपल्या आणि व्यायाम मात्र राहिला. दुपारी मुले शाळेत असताना घराजवळच्या व्यायामशाळेत एक तास जायचे, असे करता करता ती वजने उचलण्यात चांगली रमली. तिने शर्यतीला नाव घातले तेव्हा भाऊ म्हणाला, "हौस आहे, करू दे." आई म्हणाली, "हौस ठीक आहे, पण पडलीबिडली म्हणजे?" मुलांनी एवढेच विचारले, की पदक खरे मिळते का.

माझ्या शाळेला सुट्टी लागली होती. मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, त्यामुळे मे महिना माझा मोकळा असतो. भाऊ मुलांपाशी राहिला आणि सोबत म्हणून मी निघाले.

दादर पालटून गोरेगाव

1 मेच्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरली. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा. भावजयीच्या पिशवीत केळी, खजूर आणि दाण्याचे लाडू वेगळे बांधलेले. कराड गेले तरी ती जागीच. "वन्सं, धावताना पोट डुचमळलं तर हो?" असे तिने मला तीनदा विचारले. मी तरी काय सांगणार? मी शेवटची धावले ती कॉलेजच्या संमेलनात, लिंबू-चमच्याच्या शर्यतीत!

सकाळी दादरला उतरून पूल चढायचा आणि पलीकडे पश्चिम रेल्वेची धीमी लोकल धरायची. नेस्कोला जाणाऱ्यांना राम मंदिर स्थानक जवळ पडते. जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्या मधले हे स्थानक 2016 च्या डिसेंबरात सुरू झाले. मेट्रोने येणाऱ्यांसाठी महामार्गावर गोरेगाव पूर्व हे स्थानक आहे. आम्ही मात्र सरळ गोरेगावला उतरलो, कारण मावसबहिणीचे घर पश्चिमेला आणि शर्यत दुसऱ्या दिवशी.

गोरेगाव हे नाव आमच्या आईच्या पिढीला वेगळ्या कारणाने पाठ आहे. मृणाल गोरे इथल्याच. वस्त्यांना नळ मिळावेत म्हणून त्या इतक्या झगडल्या, की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. 1972 मध्ये महागाईच्या विरोधात अहिल्या रांगणेकरांसारख्या सहकारी बायकांना बरोबर घेऊन त्यांनी लाटणे मोर्चा काढला, तो तर आपल्यापैकी पुष्कळजणींनी आपापल्या आईच्या तोंडून ऐकला असेल. गोरेगावात पश्चिमेकडून महामार्गाकडे नेणाऱ्या उड्डाणपुलाला आता त्यांचे नाव आहे. शुक्रवारी संध्याकाळी रिक्षा त्या पुलावरून गेली तेव्हा मी भावजयीला पाटी दाखवली. ती म्हणाली, "एवढ्या बायका रस्त्यावर आल्या तेव्हा घरी पोळ्या कोणी केल्या असतील हो?" मी हसले. दुसऱ्या दिवशी रात्री तो प्रश्न मला पुन्हा आठवायचा होता, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

महामार्गाच्या पलीकडे आरे कॉलनीची झाडी लागते. मुंबईतले गोठे शहराबाहेर एका जागी आणून लोकांना चांगले दूध मिळावे, म्हणून 1949 मध्ये ही दुधाची वसाहत उभी राहिली. संध्याकाळी तिथल्या रस्त्यावर चालणारे, धावणारे, सायकलवाले यांची रीघ होती. त्यात पुष्कळ बायका. कोणी सलवार-कमीज आणि बूट, कोणी अर्धी विजार. कोणी कोणाकडे वळून बघत नव्हते. भावजय रिक्षातून मान बाहेर काढून बघत राहिली.

मांडवातले मैदान

नेस्को हे मूळ यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे नाव. न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनी या शब्दांची आद्याक्षरे घेऊन ते झाले आहे. आज मुंबईकरांना ते ठाऊक आहे प्रदर्शनांसाठी आणि नवरात्रातल्या गरब्यासाठी. अवाढव्य दालने, विमानतळासारखी उंच छते, मध्ये आडवा येणारा खांब जवळजवळ नाही. 2020 मध्ये करोनाच्या साथीत याच आवारात महापालिकेने मोठे उपचार केंद्र उभारले होते. मावसबहिणीची शेजारीण त्या वेळी इथे अकरा दिवस होती. "तेव्हा इथं श्वास मोजत पडलो होतो," म्हणाली, "आणि आता तुम्ही श्वास फुलवायला चाललात. जा, जा, छान आहे." देवापुढची साखर तिने भावजयीच्या हातावर ठेवली.

आत गेल्यावर पहिल्यांदा कान दणाणतात. गाणी, निवेदकाचा आवाज आणि लोखंड घासल्याचा खरखराट. मग हळूहळू मांडणी ध्यानात येते. कडेने धावण्याची वाट आणि मधल्या चौकात एकेका कामाची जागा. स्पर्धक एकदम सुटत नाहीत. थोड्या थोड्या वेळाने एकेक गट सोडतात, आणि हे दिवसभर चालते. प्रत्येकाच्या घोट्याला एक पट्टी बांधलेली असते, तीच वेळ टिपते.

नियम सोपा आहे. एक किलोमीटर धावायचे, मग एक काम करायचे. पुन्हा एक किलोमीटर, पुन्हा दुसरे काम. असे आठ वेळा. कामांचा क्रमही ठरलेला आहे. खुल्या गटातल्या बायकांना काय काय करावे लागते ते सांगते, म्हणजे अंदाज येईल.

पहिले काम, वरून लोंबणाऱ्या दोन दोऱ्या दोन्ही हातांनी खाली खेचायच्या, बर्फावर काठ्या रोवत घसरणाऱ्यासारख्या, यंत्रावर 1000 मीटर भरेपर्यंत. दुसरे, लोखंडी घसरगाडी ढकलायची. गाडीसकट वजन 102 किलो, म्हणजे ज्वारीच्या भरल्या पोत्याहून जास्त, आणि साडेबारा मीटरच्या चार खेपा. तिसरे, तशीच 78 किलोची गाडी दोराने आपल्याकडे ओढायची, तितकेच अंतर. चौथे, छाती जमिनीला टेकेल असे पालथे पडायचे, उठायचे आणि दोन्ही पायांनी पुढे उडी मारायची, असे करत 80 मीटर जायचे. पाचवे, वल्हवण्याच्या यंत्रावर 1000 मीटर. सहावे, दोन हातांत 16-16 किलोची दोन वजने घेऊन 200 मीटर चालायचे. सातवे, खांद्यावर 10 किलोची वाळूची पिशवी घेऊन, पावलागणिक मागचा गुडघा जमिनीला टेकवत 100 मीटर. आणि आठवे, 4 किलोचा चेंडू छातीशी धरून पूर्ण बैठक मारायची, उठता उठता तो भिंतीवरच्या उंच खुणेवर फेकायचा आणि झेलायचा, नेमून दिलेली संख्या भरेपर्यंत. बैठक अपुरी पडली, की शेजारी उभा असलेला पंच ती मोजत नाही. आमच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकांची आठवण झाली!

भावजय सुटली तेव्हा तिच्या गटात तरण्या मुलीही होत्या आणि पन्नाशीच्या बायकाही. एक डोंबिवलीच्या बाई रांगेत तिच्या शेजारीच उभ्या होत्या. वय 46, केस पिकलेले, बोलणे मोजके. गट सुटला तशी आमची सून वाऱ्यासारखी पुढे गेली, आणि त्या बाई मागे राहिल्या, एखाद्या कामाला निघाल्यासारख्या शांत. मी कठड्याला लागून ओरडत होते. घसरगाडी ढकलताना भावजयीला बघून माझे मलाच भरून आले. मान खाली, हात ताठ, पावले आखूड आणि न थांबता चाललेली. जड कपाट सरकवताना आपला अनुभव काय असतो? पहिल्या धक्क्यालाच खरा जोर लागतो, एकदा सरकू लागले की चालू ठेवणे त्यामानाने सोपे. घसरगाडीचे तसेच आहे. मध्ये थांबले की तो पहिला धक्का पुन्हा द्यावा लागतो. ती थांबली नाही.

पण त्यानंतरच्या फेरीत ती चालताना दिसली. मग पुन्हा धावताना, पुन्हा चालताना. पाचव्या फेरीत डोंबिवलीच्या बाई तिच्या शेजारून गेल्या, त्याच चालीने. जाताना त्यांनी हाताने 'चल' अशी खूण केली. शेवटचा चेंडू फेकून भावजय आली तेव्हा फळ्यावर आकडा होता 2 तास 1 मिनिट 40 सेकंद. तिने मनाशी धरले होते दोन तासांच्या आत.

बिलाच्या पाठीमागे मांडलेला हिशेब

रात्री मावसबहिणीकडे पिठले-भात झाला. भावजय भिंतीला पाय लावून आडवी पडली होती. तेवढ्यात भावाचा फोन आला. "बायकांना शंभर किलो ढकलायला लावतात म्हणजे काय! तिथंच दमली असणार ती." मग आई बोलली, "दोन बाळंतपणं झालेलं शरीर आहे, त्याला किती ताणायचं? झाली ना एकदा हौस, पुरे आता." भावजय स्वतः म्हणाली, "माझा घात त्या शेवटच्या चेंडूनं केला."

तिघांची तीन मते. आणि तिन्हींतून निघणारा अर्थ एकच होता, की हे आपले काम नव्हे, आता थांबावे. हे मला खुपले. मैत्रिणींनो, महिन्याचा हिशेब करताना हातात किती उरले एवढेच बघून आपण थांबतो का? किराणा किती, दूध किती, फी किती हे वेगळे मांडतो, तेव्हा कुठे गळती सापडते. या शर्यतीची एक गोष्ट मला फार आवडली. निकालाबरोबर प्रत्येक फेरीची आणि प्रत्येक कामाची वेळ वेगवेगळी मिळते. मी किराण्याच्या बिलाची पाठकोरी बाजू घेतली आणि पेन्सिलीने तीन रकाने पाडले.

पहिल्या रकान्यात आठ फेऱ्या. बेरीज आली 67 मिनिटे. दुसऱ्यात आठ कामे, बेरीज 44 मिनिटे. तिसऱ्यात राहिलेली 10 मिनिटे 40 सेकंद. ही वेळ धावण्याच्या वाटेवरून कामाच्या जागी जाण्यात आणि तिथून परत वाटेवर येण्यात गेली. त्या मधल्या जागेला तिथे रॉक्सझोन म्हणतात, आणि घड्याळ तिथेही चालूच असते. हे बिल बघून भावजय उठून बसली. बघणाऱ्याला ही वजनांची शर्यत वाटते, पण तिचा निम्म्याहून अधिक वेळ धावण्यात गेला होता.

आता भावाचे मत तपासू. घसरगाडी ढकलायला तिला लागली 3 मिनिटे 20 सेकंद. हातांत वजने घेऊन चालायला 2 मिनिटे 35 सेकंद, आणि वजने एकदाही खाली ठेवली नाहीत. ही दोन्ही कामे तिने डोंबिवलीच्या बाईंपेक्षा लवकर उरकली होती. म्हणजे वजनाने ती दमली हे म्हणणे टिकत नाही.

तिचे स्वतःचे मत बघू. चेंडूला 7 मिनिटे 15 सेकंद लागले. समजा, ते काम तिने 6 मिनिटांत संपवले असते, तर वाचले असते सव्वा मिनिट. तरीही एकूण वेळ दोन तासांच्या वरच राहिली असती. चेंडू लक्षात राहिला, कारण तो शेवटी आला आणि हात थरथरत होते. शेवटचे दुखणे तेवढे ध्यानात राहते.

आईचे मत मी हसण्यावारी नेले नाही. बायकांच्या दमण्याचे मूळ पुष्कळदा रक्तात असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतातल्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, आणि आपल्या महाराष्ट्रात 54 टक्क्यांना. स्नायूंना प्राणवायू पोचवते ते रक्तातले हिमोग्लोबिन. ते कमी असेल तर कितीही सराव केला तरी दम लागतो. गरोदर नसलेल्या बाईचे 12 च्या खाली असू नये. पण भावजयीने मार्चमध्येच तपासून घेतले होते, ते 12.4 होते. तेव्हा गळती तिथेही नव्हती.

मग फेऱ्यांचा रकाना वरून खाली वाचला. पहिली फेरी 6 मिनिटे 5 सेकंद. दुसरी 7.10. घसरगाडीनंतरची तिसरी 8.25. आणि शेवटची 9.35. पहिल्या आणि शेवटच्या फेरीत साडेतीन मिनिटांचा फरक! डोंबिवलीच्या बाईंनी स्वतःच फोन पुढे करून आपला तक्ता दाखवला होता. त्यांची पहिली फेरी 7.20 आणि शेवटची 7.50. त्यांनी घसरगाडीला जास्त वेळ घेतला आणि तरी पूर्ण शर्यत नऊ-दहा मिनिटे आधी संपवली.

याचे कारण समजायला सोपे आहे. आपल्या ताकदीबाहेरच्या वेगाने धावले, की स्नायूंना प्राणवायू पुरा पडत नाही. शरीर मग साठवलेली साखर प्राणवायूवाचून वापरू लागते. ती अशी वापरली की भराभर संपते आणि पाय शिशाचे होतात. शिवाय घसरगाडी ढकलून मांड्या भरून आलेल्या असताना लगेच धावायचे, हे वेगळेच कौशल्य आहे. ते त्याच प्रकारे करून अंगवळणी पाडावे लागते. मी गुणाकार करून दाखवला. आठही फेऱ्या तिने साडेसात मिनिटांनी केल्या असत्या, तर धावणे 60 मिनिटांत झाले असते, सात मिनिटे वाचली असती आणि आकडा आला असता 1 तास 54 मिनिटे 40 सेकंद. एक किलोही जास्त उचलावा लागला नसता.

राहिला तिसरा रकाना. आठदा आत आणि आठदा बाहेर, म्हणजे सोळा वेळा ये-जा. प्रत्येक वेळी सरासरी 40 सेकंद. पाणी प्यायला थांबली, केस बांधले, पुढची जागा कुठली ते शोधले. आदल्या दिवशी नकाशा नीट बघून ठेवला असता, तर यातली दोन-तीन मिनिटे हातची होती.

रस्ता कोणाचा, तास कोणाचा

"धावायचा सराव किती केलास गं?" मी विचारले.

ती बोटे मोजत राहिली. "खरं सांगू वन्सं? सहा महिन्यांत बाहेर अकरा वेळा. जिममध्ये धावायचा पट्टा एकच आहे. पंधरा मिनिटांवर कोणी देत नाही."

म्हणजे वजने आठवड्यातून पाच दिवस आणि सलग धावणे महिन्यातून जेमतेम दोनदा. असे का? तिला धावणे आवडत नाही म्हणून? तसे नव्हते. व्यायामशाळेचा तास दुपारचा होता, मुले शाळेत, पोळ्या झालेल्या, कोणाचे काही अडत नव्हते. धावायचे तर दुपारी आमच्याकडे ऊन. उरते ती पहाट. पहाटे साडेपाचला नळ येतो, सहाला डबे, सात वाजायच्या आत व्हॅन दारात. संध्याकाळी अभ्यास, देवापुढे दिवा, आला-गेला. आणि दिवेलागणीला सून बूट घालून रस्त्याने धावतेय म्हटल्यावर ओळखीचे चारजण थांबवून विचारणार, "काय झालं? कोणी आजारी आहे का?"

आमच्या घरी तिला कोणी कधी 'नाही' म्हटले नव्हते. पण तो पहाटेचा तास कोणी मोकळाही करून दिला नव्हता. तक्त्यातली ती 8.25, 9.05, 9.35 ही उतरण तिच्या पायांतून निघाली नव्हती, आमच्या घराच्या वेळापत्रकातून निघाली होती. डोंबिवलीच्या बाईंनी सांगितलेले तेव्हा माझ्या ध्यानात आले. त्यांच्या वसाहतीतल्या सहाजणी पाच वर्षे पहाटे एकत्र धावतात, आणि मुलांचे डबे नवरा भरतो. हे त्यांनी बढाईने सांगितले नव्हते, बुटाचा नंबर सांगावा तसे सांगितले. आणि मला पुलावरचा प्रश्न आठवला. घरी पोळ्या कोणी केल्या असतील?

परत आल्यावर ते बिल मी भावापुढे ठेवले. तो बँकेत आहे, आकड्यांशी भांडत नाही. बराच वेळ बघून म्हणाला, "म्हणजे वजनाचा प्रश्नच नव्हता." मग थोड्या वेळाने, "पाणी मी भरीन. डब्याचं मात्र मला पोळीपर्यंत जमणार नाही." आई म्हणाली, "पोळीचं मी बघते. पण रोज नाही हां." असे होत होत मंगळवार, शुक्रवार आणि रविवार ठरले. जागा ठरली आमराई, आमच्या सांगलीची जुनी बाग. तिथे पहाटे चालणाऱ्या बायका पुष्कळ असतात, त्यामुळे धावणारी एक खपून जाते. पहिले पंधरा दिवस मी नुसती सोबतीला बाकावर बसले. आता तिला आणखी दोघी मिळाल्या आहेत.

जाणार असाल तर

हायरॉक्स बघायला जायचे असेल, तर प्रेक्षकांच्या प्रवेशाची व्यवस्था आधी पाहून ठेवा. पायांत मऊ चपला असू द्या, दिवसभर उभे राहावे लागते. कानांना दडे बसतात, म्हणून लहान मूल बरोबर असेल तर कापूस जवळ ठेवा. आपले माणूस कोणत्या फेरीत आहे हे चटकन चुकते, म्हणून वहीत खुणा करत जा.

उतरायचेच असेल, तर प्रथम रक्त तपासा आणि पाठ, गुडघे, रक्तदाब यांबद्दल डॉक्टरांना विचारा. एकटीला झेपत नसेल तर जोडीने किंवा चौघींनी वाटून करायचीही सोय आहे. नणंद-भावजयींनी जोडीने करावी, असे आमच्या सूनबाईंचे मत आहे. मी अजून होकार दिलेला नाही. नवीन काही सकाळी खाऊ नका. आमच्या भावजयीला रोजचे पोहे आणि केळे चांगले मानवले. पहिली फेरी मुद्दाम हळू धावा, बाकीचे पुढे गेले तर जाऊ द्या. आणि निकाल लागला की खालच्या एका आकड्यावर रडू किंवा हसू नका. तीन रकाने पाडा आणि बेरीज करा. गळती सापडली की ती नेमकी कोणाच्या वेळापत्रकातली आहे, तेही घरात मोठ्याने वाचून दाखवा.

आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार सध्या नीट चालले आहेत. रविवारी मात्र अजून पाहुणे येतात, नाहीतर भावाला उशिरा जाग येते. त्या वाराबद्दल बोलणे चालू आहे.